चौथी फेरी

एकवीस वर्षं मी अभिलेख विभागातल्या एकाच खुर्चीवर बसले आहे. खुर्चीचे पाय दोनदा बदलले. माझे मात्र अजून कोरे करकरीत! त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून, "साखर उंबरठ्यावर आलीय. तीन महिन्यांत हालचाल केली नाहीत तर गोळ्या सुरू," असं बजावलं, तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "करते की! त्यात काय!"

माझं हृदय नीट तपासून त्यांनी व्यायाम सांगितला. वीस सेकंद जीव तोडून धावायचं, मग दीड मिनिट सावकाश चालायचं. अशा सहा फेऱ्या.

घरी नणंद खो खो हसली. "वहिनी, तू आणि धावणार? अगं, समोरून बस सुटली तरी तू पुढचीची वाट बघतेस!"

"बघच तू! ऑफिसला चार मजले जिना आहे. हरणीसारखी होते की नाही बघ!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यापाशी उभी राहिले. उगाच धावताना कुणी पाहिलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून काखेत एक फाईल धरली. फाईल हातात असली की माणूस उलटा टांगला तरी कामातच दिसतो! पदर खोचला आणि सुटले.

पहिला मजला आला तेव्हा प्राण कंठाशी होते. समोर टायपिस्टबाई.

"अहो, काय झालं?"

मला म्हणायचं होतं, 'वरून परत येते, मग सांगते.' तोंडातून निघालं एवढंच, "व...रून..."

त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा! "वरून? तपासणी आली?" उत्तरही न ऐकता त्या आत पळाल्या.

मी आपली ठरल्याप्रमाणे सावकाश चालू लागले. तेवढ्यात टपालवाले भाऊ धावत आले. "बाई, तपासणी आलीय आणि तुम्ही बागेत फिरल्यासारख्या फिरताय?" बोलायला दम नव्हता. मी हसून नुसता हात हलवला.

"म्हणजे तुमचा विभाग सुटला! मेलो आम्ही!" म्हणत तेही गेले.

तिसऱ्या फेरीला बघते तर अख्खं ऑफिस जिन्यात! कुणी फायली झटकत वर, कुणी टेबलाखालची झोपायची गादी घेऊन खाली. लिफ्टमध्ये एक कपाट आणि नऊ माणसं शिरली, तिने दोन मजल्यांच्या मधे मान टाकली. मला तर भरून आलं हो! माझं बघून सगळे व्यायामाला लागले!

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर साक्षात साहेब भेटले. त्यांना स्वतःच्या पायांनी जिना उतरताना मी प्रथमच पाहिलं. घामाने निथळत त्यांनी विचारलं, "किती?"

मी सहा बोटं दाखवली.

"सहा! आणि आत्ता कुठे?"

"चौ...थ्..."

"चौथ्यावर? माझ्या केबिनमध्ये? म्हणजे थोडक्यात निसटलो!" आणि साहेब मटकन पायरीवर बसले.

माझी धाप ओसरली, तेव्हा कुठे तोंडातून पूर्ण वाक्य निघालं. "साहेब, सहा फेऱ्या... ही चौथी. साखरेसाठी पळतेय. डॉक्टरांनी सांगितलंय."

जिन्यातली सगळी पावलं थांबली. तेवढ्यात बंद लिफ्टमधून बारीक आवाज आला, "गेले का हो ते?"

साहेब उठले, त्यांनी शर्ट खाली ओढला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'कर्मचाऱ्यांनी जिन्यात धावू नये. धावणे अपरिहार्य असल्यास कारण नमूद करून पूर्वपरवानगी घ्यावी.'

मी त्याच दिवशी अर्ज दिला. आज तीन आठवडे झाले, अर्ज अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे. त्या बिचाऱ्याला कोण पळवणार!