वादळ आलंच नाही, याची नोंद घ्यावी

"वादळ शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी येणार!" बुधवारी सकाळी, चहाच्याही आधी, त्यांनी जाहीर केलं.

"चार-दहाला पोचणार, की निघणार?" बायकोने विचारलं.

ते निवृत्त विमा अधिकारी. तीस वर्षं लोकांच्या नुकसानीचे अर्ज तपासले आणि मग स्वतः एक छोटी बोट घेऊन बसले. मोबाइलवर हवामानाची पाच अ‍ॅप्स. पाचांचं एकमेकांशी पटत नसे, म्हणून अंतिम निर्णय तेच देत. बोटवाल्यांनी त्यांचं नाव 'वेधशाळा' ठेवलं होतं. त्यांना ती पदवी वाटे.

"ऐका," बायको म्हणाली, "या वादळात बोटीला ओरखडा जरी आला, तर ती विकायची."

"कबूल. पण तुझ्या गच्चीवरच्या कुंड्या आधी खाली आण."

बेचाळीस कुंड्या बायकोने खाली आणल्या. त्यांनी मोजल्या.

शुक्रवारी सकाळी दहाला, ऐन भरतीच्या वेळी, ते धक्क्यावर गेले आणि बोट चारही बाजूंनी करकचून बांधू लागले. शेजारी बोटी दुरुस्त करणारा मिस्त्री विडी ओढत उभा होता.

"साहेब, दोर जरा सैल सोडा. पाणी उतरलं की..."

"मिस्त्री, वादळात पाणी चढतं! तुम्ही अनुभवावर बोलता, मी आकड्यांवर बोलतो."

मिस्त्रीने विडी विझवली. तो शेजारच्या बोटींचे दोर सैल करायला निघून गेला.

चार वाजता खिडक्या बंद, मेणबत्त्या तयार, आणि बाहेर लख्ख ऊन. पाचही अ‍ॅप्सचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं: वादळ भर समुद्रातूनच दुसरीकडे वळलं. बरोबर चार-दहाला मिस्त्रीचा फोन आला.

"साहेब, तुमची बोट टांगलीय."

"काय? कुणी टांगली?"

"तुम्हीच."

धक्क्यावर गर्दी जमली होती. ओहोटीने पाणी पुरुषभर खाली गेलेलं. सगळ्यांच्या बोटी सैल दोरांवर खाली आरामात डुलत होत्या, आणि वेधशाळेची बोट वाळत घातलेल्या पायजम्यासारखी धक्क्याला लोंबत होती. बादली, उशी आणि दुर्बीण समुद्रार्पण. कुशीवर हातभर ओरखडा. फोटो बोटवाल्यांच्या ग्रुपवर गेलाही होता: 'वादळाचा एकमेव बळी.'

ते घरी पोचले तेव्हा बायको तोच फोटो मोठा करून बघत होती.

"ओरखडाच ना हा?"

"हो."

"मग विकायची?"

तीन दिवस वादळ येणार म्हणून जो माणूस घसा कोरडा करत होता, त्याने तो खाकरून साफ केला. ज्या आवाजात तीस वर्षं लोकांचे दावे फेटाळले, त्याच आवाजात ते म्हणाले, "अट वादळातल्या नुकसानीची होती. वादळ आलंच नाही. नुकसान मालकाच्या मूर्खपणामुळे झालेलं आहे. ते अटीत बसत नाही."

हेच त्यांनी ग्रुपवरही लिहिलं, सहीनिशी.

बायकोने ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली.

"पटलं. वादळ आलंच नाही."

मग तिने खुर्ची ओढून जिन्याच्या तोंडाशी ठेवली आणि ऐसपैस बसली.

"तर आता कुंड्या वर न्या. मी मोजते."