हिरव्या बदकांची ऑर्डर

ताईच्या नव्या भरतकामाच्या मशीनला जुन्या मशीनच्या फाइली वाचता येत नव्हत्या, अडचण एवढीच होती. दुकानदार म्हणालाही होता, "घेऊन या, बदलून देतो." पण परदेशातून नुकताच शिकून आलेला धाकटा भाऊ घरात असताना गोष्टी इतक्या सरळ कशा होतील?

"दुकानदार कशाला?" धाकटा उसळला. "डिझाइनं आपली आणि किल्ल्या परक्याच्या हातात? मी बदलतो फाइली. ज्ञान मोकळं झालं पाहिजे!"

"ज्ञान राहू दे, माझं बदक तेवढं मोकळं कर," ताई म्हणाली. "उद्या सकाळी बालवाडीच्या बाई बदकांचे अ‍ॅप्रन न्यायला येणार आहेत. पसंत पडले तर सगळ्या शाळेचं काम मिळेल. नाहीतर हे मशीन नुसतं शोभेला राहील."

धाकट्याने झटक्यात सगळी डिझाइनं नव्या प्रकारात बदलली आणि जुन्या फाइली पुसून टाकल्या. (गुलामगिरीकडे परतायची वाट उघडी ठेवायची नसते, असं त्याचं मत होतं.) ताई आईचा चष्मा दुरुस्त करून आणायला बाहेर पडली, तसं त्याने उत्साहाच्या भरात मशीनही सुरू केलं.

स्क्रीनवर बदक हिरवं, चोच जांभळी, पाणी लाल. क्षणभर तो चपापला. मग त्याचा ऊर भरून आला. आपली ताई एवढी धीट कलावंत आहे आणि घरात कुणाला पत्ताच नाही! त्याने शोधून शोधून तेच दोरे लावले.

आई चाचपडत बाहेर आली. "अरे, चष्मा नाही म्हणून मला बदक हिरवं दिसतंय का?"

"हिरवंच आहे, आई."

"आजारी आहे?"

"स्वतंत्र आहे! बदक पांढरंच हवं, हे ठरवलं कुणी?"

"बदकाने," आई म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

ताई परतली तेव्हा शेवटचा अ‍ॅप्रन मशीनवरून उतरत होता. तिने तो ओढून हातात घेतला.

"तूच निवडलेस ना हे रंग?" धाकट्याचा आवाज जरा बारीक झाला.

"मी? अरे, माझं बदक पांढरं होतं!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. नव्या प्रकारच्या फाइलीला सुई कुठे टोचायची आणि रंग बदलायला कुठे थांबायचं, एवढंच कळतं. रंग कोणता, हे तिच्या गावीही नसतं. म्हणून स्क्रीनने आपल्या मनाला येतील ते रंग दाखवले होते. टाके उसवावेत तर कापडाला भोकं पडणार.

"जुन्या फाइली दे. निदान बाकीच्या डिझाइनांचे रंग तरी कळतील."

"पुसल्या," धाकटा भिंतीला म्हणाला.

सकाळी बेल वाजताच ताईने त्याला आतल्या खोलीत ढकललं. "तोंड उघडलंस ना, तर तुझ्यावरच बदक भरीन!" तो दाराआड उभा राहिला. कल्पनेच्या स्वातंत्र्यावरचं भाषण ओठांपर्यंत आलं होतं.

बाईंनी अ‍ॅप्रन उचलला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"हे रंग कुणी निवडले?"

ताईने बाकीचे अ‍ॅप्रन पुढे सरकवले. "आमच्या घरातल्या सगळ्यात धाकट्याने."

"अगंबाई!" बाई विरघळल्याच. "तरीच! मोठ्या माणसाला हे सुचायचं नाही. मुलं नुसती नाचतील! बाकीच्या वर्गांचेही तुम्हीच करा. आणि त्याला आमच्याकडे पाठवा हो, प्रवेशाचं मी बघते. बोलतो ना नीट?"

"बोलायचा थांबत नाही," आई म्हणाली.

"छान. आणि पसारा आपला आपण आवरतो?"

ताईने दाराकडे पाहिलं. "पसारा करतो आणि आधी जे जागेवर होतं, तेही फेकून देतो."

बाई विचारात पडल्या.

"मग घाई नको," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "अजून एक वर्ष घरीच राहू दे."