पंचनदरावांचा बिनआवाजी सिनेमा

तंजावूरला बदली होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तेव्हा एका रविवारी दुपारी खालच्या मजल्यावर कडाक्याचं भांडण जुंपलं. एक म्हातारा कुणाला तरी घराबाहेर काढत होता, एक तरुण "पाऊल ठेवणार नाही परत" म्हणून ओरडत होता, मध्येच तिसराच कुणी खदाखदा हसत होता. आणि हे सगळं चक्क मराठीत! मी मिरजेचा माणूस. मराठीतलं भांडण सोडवायला जाणं हे मला कर्तव्यच वाटलं. जिना उतरून गेलो, तर खोलीत एकच गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसलेले. समोर टीव्हीवर एक जुना काळापांढरा तमिळ सिनेमा चालू होता. त्याचा आवाज मात्र बंद होता, आणि म्हातारा, तरुण आणि खदाखदा हसणारा खलनायक हे तिघेही या गृहस्थांच्याच तोंडून बोलत होते.

"बसा सार," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "भांडण आतांच संपतंय."

हे माझे घरमालक, पंचनदराव. वय सत्तरीच्या पुढे. राजवाड्यामागच्या बोळात त्यांचं घर, त्याच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. त्यांचे पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर तंजावूरला आले आणि इथलेच झाले. स्वतः पंचनदराव तिरुवैयारूच्या टाउन बसवर कंडक्टर होते. तुडुंब गर्दीत, इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय जन्मभराची. त्यामुळे एका सिनेमातले अर्धा डझन पुरुष त्यांना काहीच जड नव्हते.

सिनेमा एकच. दर रविवारी तोच. नाव विचारलं तर म्हणत, "नांव कशाला? आमचं पडम." तमिळमध्ये सिनेमाला पडम म्हणतात, आणि तंजावुरी मराठीतही.

पाहण्याचे नियम कडक होते. मध्यंतर व्हायलाच हवं. मध्यंतरात प्रत्येकानं उठून बाहेरच्या ओट्यावर यायचं, कापी प्यायची, आणि पहिल्या भागाबद्दल बोलायचं. दुसऱ्या भागाचा अवाक्षरानंही उल्लेख चालत नसे. मी एकदा "आता तो बिचारा गाडीतून पडून चाकाखाली येणार" असं बोलून गेलो तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. नायिकेचा भाऊ बैलगाडीत चढायला लागला की पंचनदराव खुर्चीतून पुढे झुकत आणि कळवळून सांगत, "नक्को रे, चढूं नक्को!" तो चढायचाच. मग दर रविवारी हळहळत, "ऐकत नाही. अज्जिबात ऐकत नाही."

पुढे मला बरीच तमिळ कळायला लागली, तेव्हा एका सुट्टीला मी हा सिनेमा फोनवर आवाज लावून पाहिला आणि थक्कच झालो. पंचनदरावांच्या सिनेमाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. मूळ सिनेमात लग्नाच्या मांडवात सासरा ज्ञानाच्या चार गोष्टी सांगतो. पंचनदरावांचा सासरा वऱ्हाड्यांना "आंत सरका, आंत सरका, मागं रिकामं आहे" म्हणून दटावत असे.

मी हे त्यांना सांगितलं. ते जराही ओशाळले नाहीत. "ते तमिळवाले त्यांच्या मनासारखं बोलतात," म्हणाले.

या प्रकाराची सुरुवात कशी झाली, तेही त्यांनीच सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्यांनी या सिनेमाची कॅसेट घेतली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा आवाज गेला, चित्र तेवढं राहिलं. पंचनदराव ती टाकायला निघाले, तर बायको, अंबूबाई, म्हणाल्या, "आपण दोघं आहोंत की. आपणच बोलूं." पुरुष ह्यांनी वाटून घेतले, बायका त्यांनी. पुढे आवाजासकट प्रत सहज मिळायला लागली. जावयानं तर टीव्हीवरच घालून दिली. पण आवाज लावल्यावर नवराबायको दोघंही दचकले. "हे कोण बोलतंय?" अंबूबाईंनी विचारलं, आणि आवाज बंद केला तो कायमचा.

अंबूबाईंना मी पाहिलं नाही. मी येण्याआधीच त्या गेल्या होत्या. पण सिनेमात त्यांची जागा शिल्लक होती. नायिका बोलायला लागली की पंचनदराव गप्प बसत. सासू बोलली तरी गप्प. पडद्यावरच्या बाया नुसते ओठ हलवत, आणि खोलीत पंख्याचा आवाज येई. तेवढा वेळ सोडून ते बरोबर आपल्या वाक्यावर परत येत. मी सुचवलं, "मामा, त्यांची वाक्यंही तुम्हीच म्हणा की." तर गंभीरपणे म्हणाले, "तें तिचं काम, सार. मी कसं बोलूं?"

यावर खरं तर मी हसायला हवं होतं. पण मला हसू आलं नाही.

मग एका रविवारी पंचनदरावांनी सिनेमा मध्येच थांबवला. असं कधी झालं नव्हतं. शेवटाकडचा प्रसंग होता: घर सोडून गेलेला नवरा परत येतो आणि बायको दारात हात जोडून रडते.

"हिंगे, ह्या दारांत, ती काय मणायची?" त्यांनी मला विचारलं.

"कोण?"

"अंबू. माझं उत्तर आहे, 'तूं मणतीस तसंच होऊं दे.' तें तोंडात आहे. ती काय मणायची, तें गेलं."

मूळ सिनेमात ती नवऱ्याची क्षमा मागते. मी तसं सांगितलं. पंचनदराव माझ्याकडे दयेनं बघायला लागले. "क्षमा? आमची अंबू? तुम्ही तिला पाहिलं नाही, सार."

त्यानंतर सात-आठ रविवार सिनेमा त्या दारापर्यंत येऊन बंद पडत होता. ते सकाळपासून आठवत बसत. ओट्यावर मला गाठून विचारत, "'बसा' मणायची असेल का?" आणि स्वतःच मान हलवत. त्यांच्या मते ते वाक्य दुसऱ्या कुणी ऐकलेलंच नव्हतं. अंबूबाईंचं काही टिपलेलं नव्हतं, कुठे आवाज भरून ठेवलेला नव्हता. म्हातारा आपल्या बायकोला दुसऱ्यांदा गमावत होता, आणि मला वरच्या मजल्यावर बसून त्याची शांतता ऐकवेना.

"सुगुणाला विचारा ना," मी म्हणालो. सुगुणा त्यांची एकुलती एक मुलगी, कोइम्बतूरला दिलेली.

"तिला मराठी येत नाही," ते म्हणाले. "मी मराठींत बोलतों, ती तमिळींत उत्तर देते. लहानपणापासून तसंच. कुणाची चूक, सांगा."

पोंगलला सुगुणा माहेरी आली. मला परक्याच्या घरात नाक खुपसायची वाईट खोड आहे. मी ओट्यावरच तिला सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये. तिनं ऐकून घेतलं आणि आत निघून गेली.

रविवारी सिनेमा लागला. मी नेहमीच्या जागी. सुगुणा बापाच्या मागे जमिनीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. नवरा परत आला. बायको दारात आली, हात जोडले, डोळ्यांतून धारा. पंचनदरावांनी बंद करायला रिमोट उचलला.

"आधीं जेवून घ्या," मागून आवाज आला. तमिळ हेलाचं, पण स्वच्छ मराठी. "भात निवतोय. भांडण कुठं पळून जात नाही, जेवल्यावर करूं."

पडद्यावरची बाई हमसून रडत होती. पंचनदरावांच्या हातातला रिमोट तसाच राहिला. ते सावकाश वळले.

"तुला येतं?"

"अस्क येतं, अप्पा," ती म्हणाली. अस्क म्हणजे सगळं. मग तिची मराठी संपली असावी, कारण पुढचं तमिळमध्ये बोलली. "दर रविवारी मी इथेच तर बसत होते. तुम्ही दोघंच बोलत होतात. मला कुणी काम दिलंच नाही."

पंचनदरावांनी रिमोट तिच्यापुढे धरला. मग म्हणाले, "मागं ने."

तिनं सिनेमा मागे नेला. नवरा पुन्हा आला, बायको पुन्हा रडली, सुगुणानं पुन्हा जेवायला बोलावलं. पंचनदरावांनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगाच पुसत बसले. माझेही डोळे भरून आले होते. मी पंख्याकडे बघत होतो.

सुगुणानं हातातली शेंग खाली ठेवली. थोडी पुढे सरकली, आणि बापाच्या कानाशी हळूच म्हणाली, "तूं मणतीस तसंच होऊं दे."