तोतया हात

सगळं सुरू झालं ते सरांना खुर्चीतून उठायचा कंटाळा आला म्हणून. बाकी जे झालं ते आपोआप झालं.

सर म्हणजे परीक्षा विभागातले निवृत्त मुख्य पर्यवेक्षक. उभी हयात कॉप्या पकडण्यात गेली. मुलांच्या मोज्यांतून, कॉलरीतून, डब्यांच्या झाकणातून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. एकाच्या हाताचं प्लास्टर त्यांनी संशयाने पट्टीने ठोकून पाहिलं होतं. (तो हात खरंच मोडलेला होता. हा भाग सर सांगत नाहीत.)

निवृत्तीनंतर सरांना हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळातून घरी सोडताना सांगण्यात आलं, की आता दर आठवड्याला इथे खेटे घालायला नकोत. सिस्टर मंगळवारी फोन करतील, बीपी, वजन, गोळ्या, सगळं तिकडून बघतील.

"सिस्टर?" सर म्हणाले. "म्हणजे डॉक्टर नाहीत?"

"डॉक्टर लागले तर मी बोलवेन ना, काका," सिस्टर म्हणाली.

सरांना एका वाक्यात दोन धक्के बसले. एक, आपल्या हृदयाची जबाबदारी एका नर्सवर. दुसरा, काका! ज्या माणसाच्या पावलांच्या आवाजाने परीक्षेचं सभागृह चिडीचूप व्हायचं, तो माणूस काका!

पहिल्या मंगळवारी फोन आला तेव्हा सर गॅलरीत आरामखुर्चीत होते, मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट होतं आणि पत्नी स्वयंपाकघरात होती. (पाकीट आणि पत्नी एका खोलीत कधीच नसायची, याची सर काळजी घ्यायचे.) बीपीचं मशीन आतल्या कपाटात, वरच्या फळीवर.

"आजचं बीपी किती, काका?"

उठायचं, स्टूल घ्यायचं, वर चढायचं, मशीन काढायचं, दंडाला पट्टा बांधायचा. सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "एकशेवीस-ऐंशी."

"अरे वा, छान!"

पुढच्या मंगळवारीही एकशेवीस-ऐंशी. त्याच्या पुढच्याही. शेवटी एके दिवशी सिस्टर म्हणाली, "काका, हे तुमचं बीपी आहे की घराचा नंबर? एकदाही बदलत नाही."

"शिस्त," सर म्हणाले.

"हो का? मग पुढच्या मंगळवारपासून व्हिडिओ कॉल करू. पट्टा माझ्यासमोर बांधायचा आणि आकडा मला दाखवायचा. मलाही जरा शिस्त बघू दे."

एरवी सरांनी हे निभावून नेलं असतं. पण जुन्या ऑफिसातल्या मित्रांची डोंगरावरच्या विश्रामगृहात तीन दिवसांची सहल ठरली होती, आणि पत्नीने बजावलं होतं, "सिस्टर हो म्हणाली तरच बॅग भरीन." आणि सिस्टर म्हणाली होती, "मंगळवारचं बीपी बघून सांगते."

स्वतःच मशीन लावून आधी बघावं, असं सरांच्या मनात आलं, पण धीर झाला नाही. इतके दिवस खाल्लेल्या मिठाने आपल्या रक्तात काय गोंधळ घातला असेल, या विचारानेच त्यांना घाम फुटला. अशा हताश अवस्थेत त्यांची नजर मेहुण्यावर पडली.

मेहुण्याला सगळे पैलवान म्हणत. बस डेपोत मेकॅनिक होता, पण स्वतःला तो मूळचा व्यायामपटू समजायचा. रोज सकाळी लांबवर चालून झालं, की बहिणीच्या घरी येऊन गरम पाणी प्यायचा आणि सरांना फुकटचे सल्ले द्यायचा. "भाऊजी, हृदय म्हणजे शेवटी एक पंप. मी रोज पंप उघडतो. पंपाला बसून खाल्लेलं चालत नाही!" वर दंड फुगवून दाखवायचा. "आयुष्यात डॉक्टरची पायरी चढलो नाही!"

इतकी वर्षं सरांना हा माणूस घरातून कधी जातो असं व्हायचं. आज त्या दंडाकडे बघून त्यांना पहिल्यांदाच मेहुण्याबद्दल माया दाटून आली.

"मंगळवारी जरा तुझा हात लागेल," ते म्हणाले.

"मदतीला ना? कधीही सांगा, भाऊजी."

"मदतीला नाही. नुसता हात."

बेत समजावून सांगितल्यावर पैलवानाला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट आपलं बीपी कुणीतरी जाणकार माणूस बघणार आणि वाहवा करणार, या कल्पनेने तो फुलून गेला. वाहवा दुसऱ्याच्या नावावर जमा होणार होती, तेवढीच खंत.

परीक्षेच्या भाषेत याला डमी बसवणं म्हणतात. असं करणाऱ्या चार मुलांना सरांनी स्वतः परीक्षेतून काढलं होतं. पण ती परीक्षा होती आणि हे आपलं घरगुती आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मंगळवारी सरांनी पत्नीला चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. (स्वतःच्याच चष्म्याची काडी त्यांनी त्यासाठी वाकवली होती. आता नाकावर जुना चष्मा होता, तो सारखा घसरत होता.) मग ते टेबलापाशी बसले. डावा हात शालीखाली पोटाशी दाबून धरला. पैलवान खुर्चीमागे गुडघे दुमडून बसला आणि शालीच्या कडेतून त्याने आपला डावा हात टेबलावर सोडला. समोर मोबाईल. लांबून पाहिलं तर हात सरांचाच वाटत होता. फक्त सर सत्तरीतले आणि हात पन्नाशीतला, एवढा बारीक फरक होता.

"नमस्कार काका!" सिस्टर पडद्यावर आली. "शाल का? बरं नाहीये का?"

"जरा थंडी आहे."

"पंखा चालू दिसतोय मागे."

"त्यामुळेच थंडी," सर म्हणाले.

सिस्टरने पट्टा बांधायला सांगितलं. तो उजव्या हाताने दुसऱ्याच्या दंडाला बांधताना सरांची तारांबळ उडाली. हात मात्र उत्साहात होता. त्याने मूठ वळून दंडाची बेटकुळीसुद्धा काढून दाखवली.

"हात सैल सोडा, काका."

"सैल सोड," सर दातांतून पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"स्वतःला सांगतोय. सैल सोड म्हणून."

मशीन घरघरलं. पट्टा फुगला, उतरला. सरांनी विजयी मुद्रेने मशीन मोबाईलसमोर धरलं. आकडा त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काका, एकशे अठ्ठ्याहत्तर-एकशे चार. आणि ठोके अनियमित असल्याची खूण दिसतेय. छातीत दुखतंय का? दम लागतोय?"

"कुणाला?" सर म्हणाले.

"कुणाला म्हणजे? तुम्हाला!"

घाबरून सरांनी घसरलेला चष्मा सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी सावरला. तिसरा हात टेबलावर पट्ट्यात शांत पडून होता.

सिस्टर अगदी हळू आवाजात म्हणाली, "ज्यांचा हात आहे, त्यांनी जरा समोर यावं."

नेमक्या त्याच वेळी दार उघडून पत्नी आत आली. तिने पाहिलं ते असं, की नवरा शाल पांघरून थिजलाय आणि त्या शालीतून आपला सख्खा भाऊ गुडघ्यांवर रांगत बाहेर येतोय.

"अहो, हे काय चाललंय?"

"ताई, ओरडू नकोस. भाऊजींची परीक्षा आहे," पैलवान म्हणाला.

"काकू, ते नंतर," सिस्टर मोबाईलमधून म्हणाली. "आधी भावाला खुर्चीवर बसवा. पाठ टेकून. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. वाकून बसल्यामुळे आकडा वर गेला असेल तर कळेल."

कुणीही बोललं नाही. खोलीला गप्प बसवणारा आवाज आपला नाही, हे सरांना बऱ्याच वर्षांनी अनुभवायला मिळालं. दुसऱ्यांदा मोजलं. आकडा जेमतेम उतरला होता आणि खूण तशीच होती.

"चालताना दम लागतो?" सिस्टरने विचारलं.

"छे!" पैलवान म्हणाला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "म्हणजे थोडा. कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो."

"किती वेळ?"

पैलवान जमिनीकडे बघू लागला. "हल्ली बहुतेक वेळ तिथेच असतो."

पत्नीने तोंडाला पदर लावला. सरांना मेहुण्याचा राग यायला हवा होता. पण खुर्चीत बसलेला तो आडदांड माणूस एकाएकी इतका लहान दिसायला लागला, की सरांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. सिस्टरने तिकडून इस्पितळात फोन लावला आणि आजच्या आज ईसीजी काढायला या म्हणून सांगितलं. "घाबरू नका, पण टाळूही नका. गाडीतून या. चालत येऊ नका." मग ती सरांकडे वळली. "आता काका, तुमचा खरा हात."

सरांनी तो गुन्हेगारासारखा पुढे केला. मशीन घरघरलं.

"एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर," सिस्टर म्हणाली. "उत्तम. गोळ्या चांगल्या लागू पडल्यात. खुशाल जा सहलीला. ही सगळी सर्कस कशासाठी केलीत, काका?"

याचं उत्तर पत्नीजवळ होतं. ते तिने इस्पितळात जाताना, येताना आणि नंतर सलग आठवडाभर दिलं.

सहलीला सर गेले नाहीत. "माझा भाऊ आजारी आणि तुम्ही डोंगर चढणार?" एवढंच ती म्हणाली, आणि बॅग माळ्यावरच राहिली. पैलवानाला ठोके ताळ्यावर आणायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि देखरेखीसाठी बहिणीने त्याला घरीच ठेवून घेतलं. पुढच्या खोलीतला पलंग त्याला मिळाला. सकाळचं वर्तमानपत्र आधी त्याच्याकडे जाऊ लागलं. "भाऊला झोप लागलीये" म्हणून सरांच्या रेडिओचा आवाज कमी झाला. ज्या कण्हण्यावर एकेकाळी या घरात चहा मिळायचा, ते कण्हणं आता कुणी ऐकेनासं झालं. सर एकदा मुद्दाम छातीवर हात ठेवून सोफ्यावर टेकले, तर पत्नी म्हणाली, "तिथे बसू नका, त्याच्या गोळ्या आहेत."

तरी मंगळवार आपला आहे, अशी सरांना आशा होती. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावून भांग पाडला, आणि फोन वाजायच्या आधीच मोबाईलसमोर ताठ बसले. बीपीचा पट्टाही आपणहून बांधून घेतला.

पडद्यावर सिस्टर आली. सरांनी प्रसन्न हसून नमस्कार केला.

"नमस्कार काका," ती म्हणाली आणि मान तिरकी करून त्यांच्या खांद्यावरून मागे बघू लागली. "जरा बाजूला होता का? पेशंट दिसत नाहीयेत."