दिनूकाकांचा क्रम

आमच्या घरी सत्यनारायण होता. दिनूकाका पाटावर बसले, आचमन झालं, संकल्पासाठी माझ्या नवऱ्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या टीव्हीवर गेली. पूजेची मांडामांड होईपर्यंत नवऱ्यानं एक सिनेमा लावला होता, आणि गुरुजी आले म्हणून घाईघाईनं तसाच थांबवून ठेवला होता. पडद्यावर आकाशातल्या जहाजाच्या खिडकीशी कप्तान उभा होता.

दिनूकाकांनी पळी खाली ठेवली. मला वाटलं, देवासमोर असलं काही नको म्हणतील, म्हणून मी रिमोट शोधायला लागले.

"बंद नको करू," ते म्हणाले. "मले सांग, हा पाचवा आहे. याच्या आधी कोणता पाहिला?"

नवऱ्यानं सांगितलं, पहिला. मधले राहूनच गेले. दिनूकाकांनी डोळे मिटून घेतले. मग कलश, सुपाऱ्या, पंचामृत सगळं तिथंच ठेवून त्यांनी आम्हाला समजावलं की पहिल्यानंतर पाचवा पाहणं म्हणजे बारशाच्या आधी मुंज करणं. तोवर नवऱ्याच्या हातातलं पाणी बोटांतून गळून गेलं होतं. संकल्प पुन्हा करावा लागला.

दिनूकाका राजापेठेत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय सत्तरीकडे झुकलेलं, आवाज खणखणीत, चाल तुरुतुरु. मूळचे मोर्शीचे, घरची भिक्षुकी. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, लोकांची लावता लावता आपलं राहून गेलं. संध्याकाळी कोपऱ्यावरचा गिलावडा खातात, दारातल्या तुळशीला पाणी घालतात, आणि मग टीव्हीवर पांघरलेलं जुनं उपरणं बाजूला करून कप्तानाचा एखादा सिनेमा लावतात.

हे कप्तानाचे सिनेमे परदेशी, पण आपल्याकडे हिंदीत आले. एकूण नऊ. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कप्तान हा अनाथ माणूस, आकाशात एका जहाजात एकटा फिरतो. जहाज त्याच्याशी बाईच्या आवाजात बोलतं. वाट सांगतं, संकटात सावध करतं, जेवला का विचारतं. तिसऱ्या सिनेमात कप्तानाला कळतं की हा आवाज त्याच्या आईचा आहे. तिनंच ते जहाज बांधलं होतं, आणि मरण्याआधी त्यात आपला आवाज ठेवून गेली होती. ही झाली पहिल्या तीन सिनेमांची गोष्ट. मग पुष्कळ वर्षांनी चौथा आला, आणि तो निघाला मागच्या काळातला. त्यात आई तरुण आहे, कप्तान अजून जन्मायचा आहे.

इथून भांडण सुरू होतं. आले तसे पाहायचे, की गोष्ट घडली तसे पाहायचे?

दिनूकाकांचा निकाल पक्का. आधी चौथा. मग सातवा, कारण त्यात कप्तानाचं बालपण आहे. त्यानंतर पहिला, दुसरा, तिसरा आणि उरलेले. "गर्भाधानापासून सुरू करा," ते म्हणत. "क्रम सांभाळा, बाकी आपोआप होते." हे त्यांचं वाक्य पूजेलाही लागू होतं, स्वयंपाकालाही, आणि माझ्या गणिताच्या क्लासलाही. माझ्या विद्यार्थ्यांना जिन्यात गाठून त्यांनी ते कितीदा ऐकवलं असेल.

नवा माणूस भेटला की ते गोत्र नंतर विचारत, आधी सिनेमे कोणत्या क्रमानं पाहिले ते विचारत. कोणी म्हणालं, "टीव्हीवर जो लागला तो पाहिला," तर पंगतीत आधी मठ्ठा पिऊन मग वरणभात मागणाऱ्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड इंजिनियर एकदा सहज बोलून गेले की सहावा अगदीच रद्दी आहे, तो गाळला तरी चालेल. दिनूकाका शांतपणे म्हणाले, "रद्दी आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण घरातला वाईट माणूस पंगतीतून उठवता येते काय?" सहावा लावून ते स्वतः मात्र खुशाल घोरतात. लावणं महत्त्वाचं.

त्या सत्यनारायणानंतर त्यांनी मला रीतसर दीक्षा दिली. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे जायचं, चहा घ्यायचा आणि चौथ्यापासून सुरुवात करायची. खरं सांगते, मला त्यांचा क्रम पटला. आईला आधी पाहिलेलं असलं की पुढे जहाज "जेवलास का" म्हणालं तरी हातातला चहा तसाच राहतो. तसं मी बोलून दाखवलं तेव्हा दिनूकाका इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी मोर्शीच्या संत्र्यांची पिशवीच आणून दिली. मग म्हणाले, "विनूले हेच समजत नाही."

विनू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. अकोल्याला वकिली करायचा. दोघांनी तरुणपणी पहिला सिनेमा इथंच अमरावतीत एका सायकलवर डबलसीट जाऊन पाहिला होता, वडिलांना चोरून. पुढं भाऊ अकोल्यात स्थायिक झाला, तरी दर रविवारी फोन असायचा आणि फोनवर हाच वाद. वकिलाचं म्हणणं, पुरावा ज्या ओळीनं कोर्टासमोर येतो त्याच ओळीनं वाचावा, आधीच निकाल माहीत असल्यासारखा वाचू नये. गुरुजींचं म्हणणं, जन्माआधी माणूस मोठा होत नसतो.

हा वाद वर्षानुवर्षं सुखानं चालला असता. पण विनूकाकांच्या मुलीच्या लग्नात तो मांडवात आला. लग्न लावायला अर्थातच दिनूकाका होते. आम्ही शेजारीही गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. होमापाशी बसलेल्या नव्या जावयानं कौतुकानं सांगितलं की सासऱ्यांनी त्याला कप्तानाचा पहिला सिनेमा दाखवला. झालं. सप्तपदी थांबवून दिनूकाकांनी त्या पोराला चौथ्याचं महत्त्व सांगायला घेतलं. धुरानं नवरीचे डोळे चुरचुरत होते, व्याही घड्याळ पाहत होते. फेटा बांधलेले विनूकाका पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले मंत्र म्हणायले बोलावलं, निकाल द्यायले नाही."

दिनूकाकांनी उरलेले मंत्र म्हटले. एकही गाळला नाही. पण दक्षिणा न घेता, न जेवता अमरावतीची बस धरली. रविवारचे फोन बंद झाले. दोघांपैकी कोणी माघार घेतली नाही, आणि बघता बघता दोन-अडीच वर्षं गेली.

या उन्हाळ्यात एक दिवस मला मालतीकाकूंचा, म्हणजे विनूकाकांच्या बायकोचा, फोन आला. लग्नात आम्ही नंबर घेतले होते. विनूकाका न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं होतं. पण घरी आल्यापासून जेवत नाहीत, वॉकरला हात लावत नाहीत, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. भाऊजींना सांगशील का, एवढंच त्या म्हणाल्या.

मी जाऊन सांगितलं. दिनूकाका तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी विचारलं, "त्यानं बोलावलं काय?" मी खरं ते सांगितलं, त्यांनी नाही, काकूंनी. ते आत गेले. मला वाटलं विषय संपला. तर धोतर बदलून, पूजेची पिशवी खांद्याला लावून बाहेर आले. म्हणाले, मालतीचा शब्द मोडता येत नाही, बाकी मी काही त्याच्यासाठी चाललो नाही.

माझं माहेर अकोल्याचंच, आणि क्लासला सुट्टी होती. मीच त्यांना गाडीनं घेऊन गेले. बडनेरा मागे पडेपर्यंत ते भावाला काय काय सुनावायचं त्याची तयारी करत होते. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तोवर गप्प झाले होते. चहाचे पैसे द्यायला त्यांनी पिशवीत हात घातला तेव्हा अबीर-बुक्क्याच्या डब्यांमधून पेनड्राइव्ह बाहेर आला, कुंकवानं माखलेला. नऊच्या नऊ सिनेमे त्यात होते. माझ्याकडे न बघता त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला.

विनूकाका खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. केवढा उंचापुरा माणूस, अगदी चिपाड झाला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही काकूंशी बोलायला लागले. दिनूकाका म्हणाले, त्याला विचार, दुखतं का. विनूकाका म्हणाले, त्याला सांग, हाड मोडलं, जीभ नाही. बिचाऱ्या काकू मधे उभ्या राहून एकाचं दुसऱ्याला सांगत होत्या, जसं काही दोघांना ऐकूच येत नव्हतं.

ऊन उतरल्यावर दिनूकाकांनी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर नऊ नावं आली. रिमोट त्यांच्या हातात होता. आता वाद होणार म्हणून मी आणि काकू सावरून बसलो.

"दादा," विनूकाका पहिल्यांदाच थेट म्हणाले, "तू म्हणशील तोच लाव. मले आता वाद झेपत नाही."

मोडलेल्या हाडाचं ऐकून दिनूकाका घाबरले नव्हते इतके ते या वाक्यानं घाबरले. त्यांच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसलं. आयुष्यभर एका शब्दाचीही सूट न देणारा हा वकील, आणि आज त्यानं लढायच्या आधीच कागद खाली ठेवले होते. दिनूकाकांनी रिमोटनं खूण चौथ्या नावापर्यंत नेली आणि तशीच परत वर आणली. मग त्यांनी पहिला लावला.

विनूकाकांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. उशी उंच करून मागितली, आणि सिनेमा संपल्यावर काकूंनी दिलेला दूधभात अर्धा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुसरा झाला. मी माहेराहून संध्याकाळी यायची. आता दोघं थोडं थोडं बोलत होते, जुन्या सायकलबद्दल, मोर्शीच्या घरामागच्या विहिरीबद्दल. वॉकरला धरून विनूकाका दारापर्यंत जाऊन आले. दिनूकाका मागून हात धरल्यासारखे चालत होते, प्रत्यक्ष हात न लावता.

तिसऱ्या दिवशी तिसरा. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, कूलरशिवाय बसणं अशक्य. पण कूलरच्या घरघरीत जहाजाचा आवाज नीट कळेना, म्हणून विनूकाकांनी तो बंद करायला लावला. आम्ही चौघं घामानं निथळत बसलो. कप्तानाला कळतं की हा आवाज आपल्या आईचा, तो प्रसंग आला आणि गेला. सिनेमा संपला. कोणी उठेना.

मग विनूकाका टीव्हीकडेच पाहत बोलायला लागले.

"तुले वाटते, मी हट्टानं म्हणतो. तसं नाही, दादा. तुह्या क्रमात आई आधी दिसते. तुले ते बरोबरच वाटन. आई गेली तवा तू सात-आठ वर्षांचा होता, तुह्याजवळ ती आधीपासून आहे. मी पाळण्यात होतो. मले तिचा चेहरा फोटोतला, अन् आवाज तर नाहीच. कप्तानालेही माहीत नसते. मी त्याच्यासंगं चालतो, त्याले कळते तवा मले कळते. मी आधीच कसा पाहू?"

दिनूकाकांचे हात मांडीवर होते. इतकी वर्षं दर रविवारी ते कशाबद्दल भांडत होते, हे त्यांना त्या क्षणी कळत असावं. मला तरी तेव्हाच कळलं.

"ती मले काय म्हणून हाक मारे?" विनूकाकांनी विचारलं. साठी ओलांडलेला माणूस, आणि हे त्यानं आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

"पाहुणा," दिनूकाका म्हणाले. "तुह्यं नाव ठेवलं होतं, पण ती पाहुणाच म्हणे. सकाळी पाळण्यात वाकून म्हणे."

"कसं म्हणे?"

दिनूकाकांचा आवाज कसा आहे ते मी सांगितलंच. मांडवातल्या हजार माणसांना माइक न लागता पुरणारा. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी बारीक, वरच्या सुरात म्हटलं, "पाहुण्या, उठला का रे?"

लगेच मान हलवली. नाही, असं नाही. ती 'उठला'वर थांबायची. पुन्हा म्हणाले. तेही पसंत पडलं नाही. बोटानं हवेत सूर खालीवर करत, वेदपाठ घोकावा तसे ते ओठांतल्या ओठांत शोधत राहिले. बाहेर कोणाची तरी स्कूटर थांबली, गेली. मग त्यांनी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी तो आवाज मला त्यांचा वाटला नाही.

विनूकाकांनी डोळे मिटून घेतले होते. कानशिलावरून घाम ओघळत होता, घामच असेल. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आणखी एकदा."

काकू कूलर लावायला उठल्या होत्या. मी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.