शकूताईंचे उसने पाहुणे

आमच्या इमारतीत वाटीभर साखर, इस्त्री, शिडी, फार झालं तर एखादी फोल्डिंगची कॉट उसनी मागायला शेजारी यायचे. पाहुणे उसने मागायला येणाऱ्या शकूताई एकट्याच.

नारायण पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि शकूताई आमच्या समोरच्या दारात. खाली रिक्षा थांबली, जिन्यात बॅगा आपटल्याचा आवाज झाला, की अर्ध्या तासात आमच्या दारावर टकटक व्हायची. "पाहुणे आलेत वाटतं तुमच्याकडे. किती आहेत? चार? मग दोन-तीन दिवस मला द्या." साखर मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो थोडाफार संकोच असतो, तोही त्यांच्या चेहऱ्यावर नसायचा.

पाहुणे मला नकोसे वाटतात, हे मी कधी लपवलेलं नाही. पाहुण्यांना पुणं दाखवायचं म्हणजे बँकेतून रजा काढायची, शनिवारवाड्याच्या दरवाजावरचे खिळे पुन्हा एकदा बघायचे, सारसबागेतल्या गणपतीला पुन्हा एकदा हात जोडायचे आणि भेळ खाऊन घरी यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच हे इतक्यांदा झालं की ते खिळे मला ओळखायला लागले असावेत. त्यामुळे मी शकूताईंना पाहुणे अगदी राजीखुशीने द्यायचो. परत केले नसते तरी माझी तक्रार नव्हती. पण त्या मोठ्या चोख. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना दारात आणून उभं करायच्या आणि म्हणायच्या, "मोजून घ्या. उन्हाने थोडे तापलेत, बाकी धड आहेत." मग त्यांना पाणी प्यायला देऊन आपल्या घरात निघून जायच्या.

शकूताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म लोकांचे तीन-तीन मिनिटांचे ट्रंककॉल जोडून देण्यात गेला. दार उघडताना त्या "या" म्हणायच्या नाहीत, "हं, बोला!" म्हणायच्या. एखादे गृहस्थ आपल्या जावयाच्या पगाराबद्दल फार वेळ सांगत बसले, की त्या शांतपणे विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ?" त्यांनी लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. तो पुढे बडोद्याला स्थायिक झाला. एवढं इमारतीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यापलीकडचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

सकाळी सातच्या ठोक्याला त्या पाहुण्यांना घेऊन निघायच्या. पावसाळा असो की थंडी, हातात काळी छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही, ती बोटासारखी ठिकाणं दाखवण्यासाठी होती. शनिवारवाड्यात शिरल्यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणायचं, "अहो, पण आत काहीच नाही!" त्यावर शकूताई म्हणायच्या, "तुम्ही येणार हे पेशव्यांना कुणी कळवलं नव्हतं ना." पाताळेश्वराच्या लेण्यात एका बाईंनी घड्याळ बघितलं, तर त्यांना ऐकावं लागलं, "हा दगड हजार-बाराशे वर्षं थांबलाय तुमच्यासाठी. तुम्ही जरा दहा मिनिटं थांबा त्याच्यासाठी." आणि तरीही गंमत अशी, की पाहुणे परत यायचे ते खूश होऊन. कारण ही बाई त्यांना लाल महालापाशी थकलेलं बघून लिंबू सरबत पाजायची, खडकवासल्याला धरणाच्या काठावर बसवून गरम कणीस खिलवायची, बसमध्ये भांडून जागा मिळवून द्यायची. आमच्या आत्याबाई तर परत गेल्यावर पत्र आम्हाला लिहायच्या आणि त्यात निम्मी चौकशी शकूताईंची असायची.

एक खोड मात्र विचित्र होती. त्या कुठल्याच पाहुण्याला सगळं पुणं दाखवायच्या नाहीत. काहीतरी एक ठिकाण हटकून बाकी ठेवायच्या. साताऱ्याच्या मंडळींना सारसबाग दाखवली नाही. बेळगावच्या जोडप्याला शनिवारवाडा फक्त बाहेरून दाखवला. कुणी आग्रह धरला की ठरलेलं उत्तर, "ते पुढच्या खेपेला." आणि छत्रीचं टोक परतीच्या दिशेला.

यावर इमारतीत पुष्कळ तर्क लढवले जात. तळमजल्यावरचे देशपांडे म्हणायचे, बाई बसभाडं वाचवते. माझी बायको म्हणायची, गुडघे दुखत असतील, सांगत नसतील. माझं मत असं होतं की हा शुद्ध पुणेरी हट्ट आहे. समोरच्याला जे हवं ते न देण्यातला आनंद आमच्या गावाला नवा नाही.

मग नागपूरहून हिचे दामूमामा आले.

मामा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी. मास्तर. आवाज मैदानावरचा, स्वभाव एकदम मोकळा. पुण्यात पहिल्यांदाच आले होते आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "बाकी दाखवा, नका दाखवू, पण मले पर्वती पाहायची आहे. लहानपणापासून ऐकून राहिलो मी." शकूताईंनी त्यांना नेहमीप्रमाणे मागून नेलं. तीन दिवस दोघांची छान गट्टी जमली. मामा तीन मिनिटांच्या वर बोलायचे आणि शकूताई वाढवून द्यायच्या, हे मी स्वतः ऐकलं. आणि बहुतेक म्हणूनच, मामांच्या वाट्याची बाकी ठेवायची जागा म्हणून त्यांनी नेमकी पर्वती निवडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा तणतणत घरी आले. "अरे, सारसबागेत उभे होतो आम्ही! ते काय, समोर टेकडी! देऊळ दिसून राहिलं! अन् बाई म्हणते, पुढच्या खेपेला! काऊन? पर्वती काय पळून चालली?" मी म्हटलं, "मामा, सोडा, त्यांची ती सवयच आहे." पण मामा कसले सोडतात. दुसऱ्या दिवशी दुपारची त्यांची गाडी होती. सकाळी उजाडता उजाडता त्यांनी मला उठवलं, आणि मी पाहुण्याला पुणं दाखवायला निघालो, तेही रजा न काढता.

मामा पर्वतीच्या पायऱ्या शाळेतल्या पोरासारखे चढले. मी धापा टाकत मागून. देवदर्शन झालं, पुजाऱ्याने कपाळाला अंगारा लावला, वरून सगळं पुणं बघून झालं. मग मामा तिथल्या पेशव्यांच्या संग्रहालयात घुसले आणि जुन्या तलवारींपुढे असे रमले की मला बँकेची वेळ सांगून त्यांना बाहेर ओढावं लागलं.

परत आलो तर जिन्यात शकूताई. हातात दुधाची पिशवी. त्यांची नजर थेट मामांच्या कपाळावर गेली.

"कुठे जाऊन आलात?"

"पर्वती!" मामांनी छाती पुढे काढून सांगितलं. "पाहिली शेवटी!"

मला वाटलं, आता फटकारा बसणार. मी खाली मान घालून तयारच होतो. पण दुधाची पिशवी मांडीवर घेऊन त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांना असं मध्येच बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुमचं पुणं झालं बघून," त्या म्हणाल्या.

मामा गडबडले. "हो... म्हणजे... ताई, रागावल्या का तुम्ही?"

"रागावू कशाला? मी नोकरीत असताना माझा भाऊ आला होता बडोद्याहून, बायकोमुलांना घेऊन. मी आठवडाभर रजा घेतली. काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. सिंहगड, खडकवासला, वानवडीची समाधी-छत्री, सगळं सगळं. स्टेशनवर भाचा खिडकीतून ओरडून म्हणाला, 'आत्या, पुणं संपलं!' आम्ही सगळे किती हसलो." त्या पिशवीची गाठ उगाच घट्ट करत होत्या. "पुढच्या मे महिन्यात मी विचारलं, कधी येताय? तर म्हणे, पुणं बघून झालंय, या वर्षी महाबळेश्वर. मग उटी. मग कुठे कुठे. मी होते की हो इथे. पण मी काही बघायचं ठिकाण नव्हे."

मला माझ्या पुणेरी हट्टाच्या सिद्धान्ताची लाज वाटली आणि त्या बाईंबद्दल फार वाईट वाटलं. वर्षानुवर्षं समोरच्या दारात राहून मी त्यांच्याकडे आलेला एकही पाहुणा पाहिला नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तेवढ्यात मामांचा मैदानी आवाज घुमला. "अन् झालं कुठं पाहून, ताई? ते वरचं संग्रहालय बंदच होतं ना! हे एवढं कुलूप! इतका हिरमोड झाला माझा, याले विचारा!"

मी तोंड उघडणार, तोच मामांच्या बुटाखाली माझं बोट सापडलं. "हो, कुलूप होतं," मी कसंबसं म्हणालो.

शकूताईंनी मामांकडे पाहिलं. पुण्यातलं कुठलं संग्रहालय कधी उघडतं, कधी मिटतं, कुठल्या वारी बंद असतं, हे त्यांना तोंडपाठ. खुद्द तिथल्या शिपायांना त्या दुरुस्त करायच्या.

"असेल," त्या उठत म्हणाल्या. "ठेवतात कधी कधी बंद. मग ते पुढच्या खेपेला."

मामा पुढच्या वर्षी आले. संत्रा बर्फीचा डबा घेऊन आमच्या दाराकडे पाठ करून आधी समोरचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "हं, बोला!" त्यानंतर ते जवळजवळ दरवर्षी येत राहिले, आणि ते संग्रहालय त्यांना दरवर्षी बंदच सापडत राहिलं. एकदा तर म्हणे दोघं त्या संग्रहालयाच्या उघड्या दारासमोर बसून शेंगा खात होते.

पुढे आम्ही विश्रांतवाडीला स्वतःचा फ्लॅट घेतला. निघायच्या आदल्या दिवशी शकूताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि म्हणाल्या, "चला, घर दाखवते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या घरात आम्ही हजारदा गेलो असू. पण आम्ही मुकाट्याने त्यांच्या मागे निघालो. छत्रीच्या टोकाने त्यांनी बाहेरची खोली दाखवली, भावाचा लहानपणचा फोटो दाखवला, स्वयंपाकघरातला आईच्या हातचा पितळी डबा दाखवला. ही म्हणाली, "छान आहे हो." मग आम्ही मागच्या गॅलरीच्या दारापाशी आलो आणि छत्री आडवी झाली.

"गॅलरी राहिली," शकूताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. "ती पुढच्या खेपेला."

ती गॅलरी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायची. तिथली तुळस, दोरीवरचा टॉवेल, मोडकी खुर्ची, सगळं आम्हाला पाठ होतं.

आता विश्रांतवाडीहून पेठेत यायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतात. तरी आम्ही येतो. चहा होतो, गप्पा होतात, तीन मिनिटं होऊन जातात आणि कुणी हिशेब ठेवत नाही. परवा जेवणं झाल्यावर हात पुसायला ही सवयीने गॅलरीतल्या टॉवेलकडे निघाली. शकूताई ताटं उचलता उचलता थांबल्या. मी चटकन उठून हिचा हात धरला आणि माझा रुमाल पुढे केला.

"अगं, तिकडे नको," मी म्हणालो. "ते पुढच्या खेपेला."