साळिंदराचा गेम झाला

एका जंगलात, बाळांनो, सोपानराव नावाचे एक साळिंदर राहत होते. अंगभर काटे, पण मन लोण्याचं. सगळी पिल्लं त्यांना सोपानकाका म्हणत.

या सोपानकाकांनी एक चित्रपट काढला. नाव ठेवलं, 'थांब, पडलाय तो!' त्यात एक ससा शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असतो. मागे रानडुकराचं पिल्लू पाय मुरगळून पडतं. ससा माघारी फिरतो, त्याला उठवतो आणि दोघं खांद्याला खांदा लावून शेवटचे येतात.

बस, एवढीच गोष्ट. पण चित्रपट पाहून सगळं जंगल ढसाढसा रडलं. मगरीही रडल्या, पण त्यांचं आपण धरत नाही.

मग गेम बनवणाऱ्या वटवाघळांचं बोलावणं आलं. त्यांच्या प्रमुख होत्या निशाताई वाघळे.

"सोपानराव, पिल्लांसाठी याचा शर्यतीचा गेम करू या," त्या छताला लटकल्या लटकल्या म्हणाल्या. "पहिल्या पडद्यावर तुमचं नाव. सोनेरी अक्षरांत."

काकांचे काटे आनंदानं थरारले. त्यांनी करारावर पंजा उमटवून दिला.

गेम आला आणि जंगल शांत झालं. फांद्यांवर माकडं दिसेनात, माळावर पाडसं दिसेनात. सगळी घरात. आयांनी हुश्श केलं.

एके दिवशी काका शेजारच्या सशांकडे गेले. त्यांची धाकटी बकुळी खेळत बसली होती. पडद्यावर आधी काकांचं नाव झळकलं. मग ससा सुसाट सुटला. वाटेत रानडुकराचं पिल्लू कोसळलं. काका सरसावून बसले.

"आता थांब हं, बकुळे!"

बकुळीनं बटण दाबलं. ससा पिल्लावरून टुणकन उडी मारून गेला. गेमच्या आतून कुणीतरी ओरडलं, "झेप! दहा गुण!"

"अगं, त्याला उचलायचं ना!"

"उचलायचं बटणच नाहीये, काका."

काका तडक निशाताईंकडे गेले.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"उचलायचं म्हणजे थांबायचं," निशाताई शांतपणे म्हणाल्या. "थांबलं की पिल्लू कंटाळतं. कंटाळलं की आईला छळतं. आयांना ते चालत नाही."

"आणि माझा संदेश?"

"आहे की! शर्यत संपल्यावर पाटी येते, 'पडलेल्याला हात द्या.' नको असेल त्याला ती वगळता येते."

"मग ती वाचतं तरी कोण?"

"तुमचं नाव तर सगळे वाचतात ना?"

काका आले तसे परत गेले. नाव खरंच छान दिसत होतं.

पुढे पावसाळ्यात काय झालं, सांगतो. काका सकाळी शाळेच्या उतारावरून चालले होते. पाय सटकला, मुळीत अडकला, आणि ते वाटेतच आडवे झाले. मागून शाळेला निघालेली पिल्लं धावत आली.

"अरे बाळांनो, हात द्या रे!" काका कळवळून ओरडले.

पाडस आलं. "झेप!" म्हणत वरून गेलं. कोल्ह्याचं पोर गेलं. माकडाची जुळी गेली. प्रत्येकजण पलीकडे पोचून ओरडत होता, "दहा!"

बकुळीही गेली. पण थोड्या अंतरावर ती थबकली. वळून तिनं पाहिलं. आणि बाळांनो, सगळे पुढे निघून गेले तरी ती एकटी माघारी आली!

काकांना वाटलं, चला, चित्रपट फुकट गेला नव्हता. एकीला तरी समजलं होतं. त्यांनी पंजा पुढे केला.

"ये, पोरी, ये."

"काका, जरा काटे खाली घ्या ना," बकुळी म्हणाली. "मघाशी पायाला टोचले. माझे गुण गेले."

ती चार पावलं मागे सरली आणि वाट पाहत उभी राहिली.

काकांनी काटे खाली घेतले.

तात्पर्य : पडणाऱ्यानं नेहमी काटे आवरून पडावं. पुढे जाणाऱ्यांना लागतं.